पटतंय असं लिहिलं तर चालेल?

कॉलेजात त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे शंकासूर. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात आवडतही होतं. समाजशास्त्र शिकवणाऱ्या बाईला शंकासूर म्हटलं तर ती काय शिवी झाली? शिंप्याला ‘माप अचूक घेतो’ म्हटल्यासारखंच झालं की ते!

पिंडच तसा होता. लहानपणी वडील वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि छापलेलं सगळं खरं मानायचे. अमक्याने तमका पाला चोळला आणि टकलावर केस उगवले, म्हणे. ही एवढीशी पोर विचारायची, "कशावरून?" वडील म्हणायचे, "छापून आलंय म्हणून." "छापणाऱ्याला कुणी सांगितलं?" की बसलाच पाठीत धपाटा. पण धपाटे खाऊन पोर काही सुधारली नाही. मोठी झाली, शिकली, आणि ज्या प्रश्नापायी मार खाल्ला तोच प्रश्न विचारायचा पगार घेऊ लागली.

कॉलेज म्हणाल तर काही मोठं प्रकरण नव्हतं. दोन वर्षांचं, गावातल्या पोटापाण्याला लागलेल्या लोकांसाठी काढलेलं. पूर्वी ते गोदाम होतं. मधे फळ्या ठोकून वर्ग केले होते, त्यामुळे राज्यशास्त्राच्या तासाला अर्थशास्त्रही फुकट ऐकायला मिळायचं. विद्यार्थी म्हणजे केस कापणारे, ट्रक चालवणारे, रुग्णालयात पडेल ते काम करणारे, पोरांना शाळेत पोचवून स्वतः शाळेत येणाऱ्या आया. इथे दोन वर्षं काढून ठरलेली पायरी गाठली, की विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला बसता यायचं.

ही पायरीची भानगड चारपाच वर्षांपूर्वी सुरू झाली. वरून हुकूम आला, की विद्यार्थ्यांना किती पाठ आहे ते पुरे, त्यांना विचार करता येतो का ते मोजा. घ्या! विचार काय दूध आहे, मापानं घालायला? पण हुकूम म्हणजे हुकूम. पद्धत अशी ठरली: विद्यार्थ्यांनी कधी न पाहिलेला एक उतारा परीक्षेत द्यायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "ह्यातला निष्कर्ष तुम्हाला कितपत पटतो, आणि का?" उत्तरांवर नावं नाहीत, नुसते क्रमांक; गठ्ठा मात्र वर्गावार. दोन शिक्षकांनी समोरासमोर बसून एकच उत्तर वाचायचं आणि एकदम बोटं वर करायची. एक बोट म्हणजे विचाराचा पत्ता नाही, चार म्हणजे शाबास, आणि तीन मिळाली की विद्यापीठाचं दार उघडलं. पन्नाशीची माणसं शाळकरी पोरांसारखी बोटं वर करून बसलेली बघून शिपाई हसायचा.

पहिल्या वर्षी बाईंचा वर्ग साफ तळाला गेला. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "शंकासुराच्या वर्गालाच शंका येत नाहीत की काय?" सगळे हसले. बाईही हसल्या, पण तो घाव जिव्हारी लागला. त्या सुट्टीत त्यांनी जुने उतारे समोर मांडून पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की सगळे उतारे एकजात सडके! कुठे पाचदहा माणसांना विचारून जगाचा निष्कर्ष काढलेला, कुठे एकामागून दुसरं घडलं म्हणून एकामुळेच दुसरं घडलं असं ठोकलेलं, कुठे सांगणाऱ्याचाच खिसा भरणार. बाईंनी तीन वाक्यं बेतली. "नमुना लहान आहे." "दोन गोष्टी जोडीनं घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही." "लिहिणाऱ्याचा ह्यात फायदा आहे." ह्यांना त्या तीन चाव्या म्हणायच्या. तासाच्या सुरुवातीला चाव्या फळ्यावर, शेवटी चाव्या वर्गाच्या तोंडी. आणि काय सांगावं, वर्गाची बोटं धडाधड वर गेली. बाईंचं नाव झालं. दुसऱ्या कॉलेजांतले शिक्षक मागच्या बाकावर बसून टिपणं काढू लागले.

ही पोपटपंची आहे, अशी पाल बाईंच्या मनात कधी चुकचुकली नाही असं नाही. पण कौतुकाच्या गलक्यात पालीचं कोण ऐकतो? आणि जगाला "कशावरून?" विचारणाऱ्या बाईंना उलटून तसं विचारायची कुणाची छाती नव्हती.

यंदाच्या सत्रात वर्गात एक नवीन बाई आली. पायरीची भानगड निघण्याआधी दीड वर्ष शिकून सोडलेलं, ते पुरं करायला परत आलेली. रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुणारी, वर्गात सगळ्यांत वयानं मोठी, म्हणून सगळे तिला मावशी म्हणायचे. बाईसुद्धा म्हणायच्या. रुग्णाच्या नातेवाइकांना कागदपत्रांत मदत करणारी, धीर देणारी माणसं असतात ना, तसं काम तिला करायचं होतं. त्यासाठी विद्यापीठाचा समाजकार्याचा अभ्यासक्रम हवा, आणि तिथे पंचेचाळिशीच्या पुढच्यांना प्रवेश नाही. मावशी चव्वेचाळीस पार करून बसलेली. म्हणजे यंदा पायरी मिळाली तर मिळाली, नाहीतर राम म्हणायचा.

मावशी काही हुशार म्हणून नावाजलेली नव्हती. वाचायची हळू, लिहायची त्याहून हळू. चाव्याही तिच्या तोंडात नीट बसायच्या नाहीत. मधेच थांबून म्हणायची, "पण बाई, कधी कधी माणूस खरंही बोलत असेल ना?" वर्ग खो खो हसायचा. बाई म्हणायच्या, "मावशी, तुम्ही फार भोळ्या." मावशीही हसायची. बाईंवर तिचा जीव होता. बाई म्हणतील ती पूर्व दिशा.

परीक्षा शनिवारी सकाळी होती. देखरेखीला बाईच. उतारा तिथेच, सगळ्यांसमोर पाकीट फोडून वाटला. बाईंनी पहिल्या दोन ओळी वाचल्या. शाळांजवळच्या रस्त्यांवर गाड्यांचा वेग कमी केल्यानं अपघात घटले, असं काहीतरी होतं. ‘हं, पुन्हा तेच, दुसरी चावी,’ असं म्हणून त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि बाकांमधून फेऱ्या मारू लागल्या.

थोड्या वेळानं मावशीनं हात वर केला. बाई गेल्या.

"बाई," मावशी हळूच म्हणाली, "ह्यात मला काही वावगं दिसत नाही हो. पटतंय असं लिहिलं तर चालेल?"

देखरेख करणाऱ्यानं अशा वेळी तोंड उघडायचं नसतं, हा साधा नियम. पण बाईंना राग आला. सगळं सत्र घसा कोरडा केला तो ह्यासाठी? "मावशी," त्या म्हणाल्या, आणि हळू म्हणायलाही विसरल्या, "इतकं शिकवून तुम्हाला पटतंय? चूक असतेच. डोळे उघडा आणि शोधा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मावशीचा चेहरा लालबुंद झाला. तिनं पट्टी घेतली, लिहिलेल्या अर्ध्या पानावर एक तिरकी रेघ मारली, आणि खाली एकापाठोपाठ तिन्ही चाव्या लिहून काढल्या. बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

सोमवारी तपासणी. बाईंच्या समोर अर्थशास्त्राचे सर बसले, तरुण, थोडे रुक्ष, पण सरळ मनाचे. उतारा ह्या वेळी त्यांनीच निवडला होता. पहिलं उत्तर दोघांनी वाचलं. त्यात तिन्ही चाव्या, ओळीनं. बाईंनी तीन बोटं वर केली. सरांनी एक.

"एक?" बाई म्हणाल्या. "सर, झोपेत आहात का?"

"बाई, नमुना लहान म्हणतोय हा. लहान कुठाय? शेकडो शाळा आहेत. जिथे वेग कमी केलाच नाही अशाही शाळा शेजारी ठेवून तुलना केलीय. आणि लिहिणाऱ्याचा फायदा म्हणाल, तर अभ्यासाला पैसा दिलाय गाडीवाल्यांच्या संघटनेनं, ज्यांना हा निष्कर्ष नकोच होता." सर जरा लाजून हसले. "दरवेळी आपण सडका उतारा देतो. म्हटलं, एकदा चांगला देऊन बघू, खरं ते खरं म्हणता येतंय का."

बाईंनी उतारा ओढून घेतला आणि पहिल्यांदाच तो पूर्ण वाचला. वाचता वाचता कानशिलं तापली. धडधडीत, स्वच्छ, प्रामाणिक उतारा. आपली मर्यादाही त्यानं स्वतःच सांगितलेली.

दुसरं उत्तर आलं. नमुना लहान आहे. तिसरं. नमुना लहान आहे. चौथं आलं तेव्हा सर हसायचे थांबले होते. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ना, तसा सगळा वर्ग एका सरळमार्गी उताऱ्याला धोपटत होता, आणि सगळ्यांच्या हातात काठी एकच, बाईंनी दिलेली. अक्षर कुणाचं ओळखायची गरजच नव्हती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. आपण काय शिकवलं ह्यांना? वडिलांनी छापलेलं सगळं खरं मानलं आणि आपण सगळं खोटं मानायला शिकवलं. वाचायची तसदी दोघांनीही घेतली नाही.

मग पट्टीची रेघ मारलेलं पान आलं.

खोडलेलं वाचायचं नाही हा नियम, पण रेघ एकच असेल तर डोळे काय मिटून घेणार? सर वाचून गेले. "अरे! हे बघा बाई. मला पटतंय, कारण वेग कमी न केलेल्या शाळाही सोबत बघितल्यात, आणि ज्यांना हे आवडणार नव्हतं त्यांनीच हे मान्य केलंय. फक्त खेड्यातल्या शाळा ह्यात नाहीत, तिथलं मी सांगू शकत नाही." सरांनी कपाळाला हात लावला. "सबंध गठ्ठ्यात एकानं बरोबर लिहिलं आणि तेच खोडलं! असं का केलं असेल हो?"

हा क्षण होता. बाईंनी एवढंच म्हणायचं होतं, की मी खोडायला लावलं. तीन शब्द.

"कुणास ठाऊक," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी बोट वर केलं. एक.

दुपारी बैठक झाली. विभागप्रमुख मॅडम भल्या बाई. त्यांना वाटलं, बाईंचा एवढा नावाजलेला वर्ग एकजात आपटला म्हणजे दोष उताऱ्यातच असणार. त्या म्हणाल्या, "हा उतारा बाद करू. ज्यांची मागच्या सत्रातली पायरी आहे तीच धरू. बाई, तुमचं काय म्हणणं?" सर काहीतरी बोलू पाहत होते, पण नवीन माणूस, गप्प बसले. बाईंच्या वर्गाची नौका पार. बाईंची अब्रू शाबूत. फक्त मावशी ह्याच सत्रात आलेली, तिची मागची पायरीच नव्हती. तिला पुढच्या वर्षी पुन्हा बसावं लागणार, म्हणजे तिच्यापुरता कायमचा खेळ खलास. हे तिथे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाईंच्या आलं.

"माझी हरकत नाही," बाई म्हणाल्या.

घरी नवरा कांदा चिरत होता. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम त्याचं, बोलणं कमी. बाईंनी सगळं सांगितलं, बोट वर केल्याचंसुद्धा. सांगता सांगता पुस्तीही जोडली, की मावशीला मी वेगळं शिकवीन, कुठे ओळखीनं काम बघून देईन.

"तिला सांगितलंस?" नवऱ्यानं विचारलं.

"काय?"

"की तिचं बरोबर होतं."

"एवढं सोपं असतं होय? माझ्या नावाचं काय होईल, ठाऊक आहे?"

"जगाला कशावरून कशावरून करतेस," नवरा म्हणाला, "आणि तुला एक विचारलं की नाकाला मिरच्या झोंबतात." आणि पुन्हा कांदा चिरायला लागला. बाई जेवल्या नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्यांनी आजवर शेकडो वेळा वर्गात दुसऱ्यांवर वापरली होती. आज ती चटका देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर निकाल लागला. बाई शिक्षकांच्या खोलीत शिरतात तोच मावशी दारात उभी. धुण्याच्या पावडरीनं हात सोललेले, डोळे सुजलेले.

"बाई, माफ करा," ती म्हणाली. "तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी तुमचं नाव घालवलं. मला एकटीलाच काही जमलं नाही."

आता मात्र बाईंना सहन होईना. मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर पत्करलं असतं, पण ही उलटी आपलीच माफी मागतेय! मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय, हे बाईंना त्या दारात कळलं. त्यांनी मावशीचा हात धरला आणि तिला तशीच प्रमुख मॅडमच्या खोलीत नेली. वाटेत सरांनाही हाक मारली.

"मॅडम, ते रेघ मारलेलं उत्तर ह्यांचं आहे," बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "परीक्षेत ह्यांनी मला विचारलं, पटतंय असं लिहू का. मी सांगितलं, चूक असतेच, शोधा. म्हणून ह्यांनी खोडलं. काल मला ते माहीत होतं आणि मी गप्प बसले."

मॅडमनी चष्मा काढला. देखरेख करणारा परीक्षेत बोलला असेल, तर खोडलेलंही वाचता येतं, तेवढी सोय नियमात होती. पण विद्यार्थ्यानं तसं स्वतः सांगायला हवं. त्या मावशीकडे वळल्या. "खरंय का हे? बाई तुम्हाला असं म्हणाल्या होत्या?"

मावशीनं एकदा मॅडमकडे, एकदा बाईंकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "बाई काहीच म्हणाल्या नाहीत. माझं मीच खोडलं."

"मावशी!"

"बाई, तुमचं मन मोठं आहे. माझी जागा जाऊ नये म्हणून तुम्ही अंगावर घेताय. मला कळत नाही का? पण माझ्यापायी तुम्हाला बोल लागायला नको."

बाईंना हुंदका आवरेना. सबंध हयात दुसऱ्यांनी आपल्यावर आंधळा विश्वास ठेवू नये म्हणून झटले असं त्या सांगत आल्या होत्या, आणि हा घ्या विश्वास, डोळे मिटून, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारा. "मन मोठं नाही हो माझं!" त्या जवळजवळ ओरडल्या. "मी तो उतारा वाचलाच नव्हता, मावशी. दोन ओळी वाचल्या आणि बाजूला ठेवला. चूक असणारच असं धरून चालले. तुम्ही विचारलंत तेव्हा त्यात काय लिहिलंय हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं."

पलीकडच्या वर्गात कुणीतरी फळा पुसत होतं.

"वाचला नव्हता?" मावशीनं विचारलं.

"नाही."

"मी तर परत परत वाचला हो. चूक सापडेना म्हणून रडायला आलं होतं. वाटलं, बाईंना दिसतेय आणि मला दिसत नाही, म्हणजे मलाच अक्कल नाही." तिचा आवाज चढला नाही, पण त्यातला बाईंविषयीचा ओलावा सरकन उतरताना सगळ्यांनी ऐकला. "घरी जाऊन लेकीला सांगितलं, आईचं डोकं आता चालत नाही गं, हे शिकणं आपल्याला झेपायचं नाही. ती मला समजावत बसली होती."

मग ती मॅडमकडे वळली. "हो. बोलल्या होत्या. मोठ्यानं बोलल्या. मागचे हसलेसुद्धा. विचारा कुणालाही."

हिची मागची पायरी नाही, तेव्हा हिच्यापुरता हाच उतारा धरू, असं म्हणून मॅडमनी गठ्ठ्यातून पान काढलं. त्यांनी वाचलं, सरांनी पुन्हा एकदा वाचलं, आणि दोघांनी बोटं वर केली. चार आणि चार. मॅडम म्हणाल्या, की विद्यापीठाला आजच कळवते, आणि बाईंशी मला सविस्तर बोलायचंय. बाईंनी मान हलवली. पुढे काय व्हायचं ते होवो, त्याची त्यांना आता भीती वाटत नव्हती. लाज तेवढी वाटत होती, आणि ती काही त्या चार बोटांनी उतरली नव्हती.

मावशीनं मॅडमचे आभार मानले, सरांचे मानले, पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"बाई, एक विचारू?"

"विचारा."

"सबंध सत्र तुम्ही आमची उत्तरं तपासून द्यायचात. चूक, बरोबर, पुन्हा लिहा. ती तरी वाचत होतात का?"

बाईंनी तोंड उघडलं. चाव्या ओळीनं दिसल्या की खूण करून पान उलटायचं, हे गेली काही वर्षं त्यांच्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं, की उत्तर द्यायला त्यांना आठवावंसुद्धा लागलं नाही. मावशी दारात उभी होती, आणि उत्तर घेतल्याशिवाय ती जाणार नव्हती.